ब्रह्मपुरीचा समुद्रदेव

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून बोलल्याप्रमाणेच ठेवले आहे.)

भाषण संपून जेवण कधी सुरू होतंय याची वाट बघत पहिल्या रांगेत बसलेल्या बालदोस्तांनो,

सेक्रेटरीसाहेबांनी मला सांगितलं होतं, "काका, तुम्ही संस्थापक सभासद, तेव्हा सोसायटीचा इतिहास सांगा." मी हो म्हटलं. नोंदणी कधी झाली, पहिली वर्गणी किती होती, पाण्याच्या कनेक्शनसाठी किती चकरा मारल्या, हे सगळं अहवालात छापून आलंय, तुमच्या हातात आहे. ते परत वाचून दाखवत नाही. मी इतिहासच सांगणार आहे, पण आपल्या सोसायटीच्या आधीचा. थोडाथोडका नव्हे, १८०० ते १९०० वर्षांपूर्वीचा. आणि त्याच्या शेवटी माझी स्वतःची एक चूक सांगणार आहे. पंचवीस वर्षं ती मी कुणाला सांगितलेली नाही. घरातसुद्धा नाही.

सुरुवात एका मूर्तीपासून करतो. आपल्यापैकी किती जण टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये गेलेत? हात वर करा बघू. बघा, दहा-बारा हात. सीपीआर दवाखान्यात मात्र सगळेच जाऊन आलेत! रस्ता ओलांडला की समोर टाऊन हॉलची बाग, तोफा आणि ती १८७२ ते १८७६ मध्ये बांधलेली दगडी इमारत. पेशंटला डबा पोचवायचा आणि बागेत भेळ खायची, एवढाच आपला त्या जागेशी संबंध. माझाही तेवढाच होता. नोकरीत निम्मं आयुष्य बदल्यांत गेलं. मुंबईत असताना फ्लोरा फाउंटनसमोरून रोज जायचो. ती फ्लोरा म्हणजे रोमन लोकांची फुलांची देवी, हे मला ठाऊक होतं. पण तिच्यापेक्षा कितीतरी जुना, खरोखर त्या काळातला एक परदेशी देव माझ्याच गावात काचेच्या कपाटात उभा आहे, याचा मला निवृत्त होईपर्यंत पत्ता नव्हता.

निवृत्तीनंतर एका मे महिन्याच्या सुट्टीत नातीला घेऊन गेलो. ती तेव्हा पाचवीत होती. मी आपला वीरगळ, ताम्रपट, नाणी बघत पुढे गेलो. ती एका छोट्याशा मूर्तीपुढे थांबली आणि ओरडली, "आजोबा, हा पोसायडन आहे! पर्सी जॅक्सनचे बाबा!" हे पर्सी जॅक्सन म्हणजे तिच्या इंग्रजी गोष्टीच्या पुस्तकातला मुलगा, हे मला मागाहून कळलं. मी चष्मा लावून पाटी वाचली. पोरगी बरोबर होती.

मूर्ती जेमतेम वीतभर. ब्राँझची. ब्राँझ म्हणजे आपलं कासं, तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू. आपल्या घरी ज्या काशाच्या वाटीनं तळपाय घासायचे, तिच्याच घराण्यातला धातू. उघडा, पीळदार अंगाचा, दाढीवाला पुरुष उभा आहे. एका पायावर भार, त्यामुळे सगळ्या अंगाला हलका बाक आलाय. वर उचललेल्या हाताकडे पाहिलं की मुठीतला त्रिशूळ आपणच डोळ्यांपुढे आणायचा. आपल्या मूर्ती कशा असतात? दागिने, मुकुट, प्रभावळ. इथे काहीच नाही. तालमीत अंग कमावून नुकताच मातीतून वर आलेला वस्तादच जणू. कोल्हापूरकराला हा देव परका वाटायचं खरं तर काही कारणच नाही!

आता हा पोसायडन कोण? ग्रीक पुराणात तीन भाऊ. झ्यूस, पोसायडन आणि हेडीस. बापाला गादीवरून खाली ओढल्यावर तिघांनी वाटणी केली. चिठ्ठ्या टाकल्या. झ्यूसला आकाश आलं, हेडीसला पाताळ आणि पोसायडनला समुद्र. जमीन सामाईक ठेवली. सामाईक जागेवरून भांडणं होतात हे सोसायटीत राहणाऱ्यांना सांगायला नको. तिकडेही झाली. अथेन्स नगरी कुणाची, म्हणून पोसायडन आणि अथेना देवी यांच्यात पैज लागली. शहराला जो चांगली भेट देईल, त्याचं शहर. पोसायडननं खडकावर त्रिशूळ मारला, पाणी उसळलं. लोक धावले, चव घेतली, तर खारट! आपल्या बोअरला लागलं तसंच. अथेनानं ऑलिव्हचं झाड लावलं आणि ती जिंकली. शहराला तिचंच नाव मिळालं. पोसायडन रागीट. त्रिशूळ आपटला की भूकंप, फुंकर मारली की वादळ. म्हणून समुद्रावर जाणारा प्रत्येक खलाशी आधी त्याला हात जोडायचा. रोमन लोकांनी पुढे त्यालाच नेपच्यून म्हटलं.

पण समुद्राचा देव कोल्हापुरात कसा? आपल्याला समुद्र बघायचा तर घाट उतरून रत्नागिरी नाहीतर मालवण गाठावं लागतं. नातीनंही हेच विचारलं, "आजोबा, हा इथे कसा आला?" मला उत्तर देता आलं नाही. बँकेत ऑडिटरसमोर आयुष्यात कधी गप्प बसलो नाही, पण त्या दिवशी गप्प बसलो. मग निवृत्त माणूस जे करतो ते केलं. ग्रंथालयाचा सभासद झालो, पुस्तकं आणली, वही केली. त्या वहीतलं थोडं सांगतो.

पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे, ती आपल्या सगळ्यांना माहीत आहे. १९४४-४५ च्या सुमारास राजाराम कॉलेजचे प्राध्यापक कुंदनगार यांनी तिथे खोदकाम केलं. त्यात एका जुन्या घराच्या जागी धातूच्या वस्तूंचा मोठा साठा सापडला. आपला पोसायडन त्यातलाच. पाठोपाठ १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. त्याचा अहवाल १९५२ साली प्रसिद्ध झाला. याच वस्तू नीट ठेवायच्या म्हणून आपलं म्युझियम सुरू झालं. म्हणजे ब्रह्मपुरी खणली गेली नसती, तर कदाचित आपल्याकडे हे म्युझियमही नसतं.

खाली काय निघालं? सातवाहन काळातलं गाव. विटांची घरं. विटा आजच्यासारख्या छोट्या नव्हेत, चांगल्या लांबरुंद, दोन्ही हातांनी उचलाव्या लागतील अशा. ही वीट लक्षात ठेवा, तिच्याकडे मी परत येणार आहे. साठ्यातल्या बहुतेक वस्तू इथल्याच कारागिरांच्या. त्यात हत्तीवर बसलेल्या माणसांचं एक ब्राँझचं शिल्प आहे, ते तर इतकं सुरेख आहे की पोसायडनला बघायला गेलात तर त्याच्याकडे पाठ फिरवू नका. आणि थोड्या वस्तू साता समुद्रापलीकडून आलेल्या. रोमन घडणीचे कानवाले जग, आरसा आणि हा देव. मूर्ती रोमन साम्राज्यात साधारण इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात घडली आणि तिचं वळण त्याहून जुनं, सिकंदराच्या दरबारी असलेल्या लिसिपॉस या शिल्पकाराच्या शैलीचं आहे, असं जाणकार मानतात.

आल्या कशा, तर व्यापारातून. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून जहाजं जुलैत निघायची. आपला नैऋत्येचा पाऊसवारा शिडात भरून घ्यायचा आणि थेट आपल्या किनाऱ्याला लागायचं. हिवाळ्यात वारा उलटा फिरला की परत. त्या काळच्या एका ग्रीक खलाशाच्या मार्गदर्शिकेत भडोच, कल्याण, चौल या बंदरांची नावं आहेत. पैठण आणि तेर या बाजारपेठांची आहेत. इकडून मिरी, तलम कापड, हस्तिदंत, रत्नं जायची. तिकडून दारू, पोवळी, काच आणि मुख्य म्हणजे रोख सोनं-चांदी यायची. प्लिनी नावाचा रोमन लेखक तक्रार करतो की हिंदुस्थान दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. व्यापारतूट! आज आपण पेट्रोलसाठी करतो तीच रड, फक्त उलट्या बाजूनं.

टॉलेमीच्या भूगोलात 'हिप्पोकूरा' नावाची एक राजधानी येते आणि तिथल्या राजाचं नाव 'बालेओकूरोस'. आता योगायोग बघा. ब्रह्मपुरीला जी जुनी नाणी मिळाली, त्यांच्यावर धनुष्यबाण आहे आणि 'विळिवायकुर' असं राजाचं नाव आहे. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की टॉलेमीचं ते गाव म्हणजे आपलंच कोल्हापूर. बाकीचे वेगळं म्हणतात. तो वाद विद्वानांचा, आपण त्यात पडू नये. पण मनातल्या मनात कोल्हापूरच्या बाजूनं राहायला हरकत नाही.

आणि फक्त त्यांच्याच वस्तू इकडे आल्या असं नाही. इटलीतलं पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. १९३८ साली तिथल्या एका घरात हस्तिदंताची, अंगभर दागिने घातलेली भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. तशाच घडणीच्या मूर्ती आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालन्याजवळच्या भोकरदनला सापडल्यात. म्हणजे आपली लेक तिकडे नेपल्सच्या म्युझियममध्ये, त्यांचा लेक इकडे टाऊन हॉलमध्ये. दोन्ही घरी नीट नांदताहेत.

बँकवाल्याला राहवत नाही म्हणून आणखी एक. त्याच काळातला नाशिकच्या लेण्यांतला एक शिलालेख आहे. उषवदात नावाच्या दात्यानं विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. २००० वर दरमहा शेकडा एक, १००० वर दरमहा शेकडा पाऊण. म्हणजे वर्षाला बारा आणि नऊ टक्के! मुद्दल काढायचं नाही, व्याजातून भिक्षूंना वस्त्रं द्यायची. फिक्स्ड डिपॉझिटची ही पावती दगडात कोरलेली आहे, अजून वाचता येते. आणि कार्ल्याच्या लेण्यात दान देणाऱ्यांमध्ये चक्क 'यवन' लोकांची नावं आहेत. परदेशी माणूस इथे येत होता, राहत होता, इथल्या धर्मकार्याला हातभार लावत होता. त्यांच्यापैकीच कुणाच्या सामानात हा देव घाट चढून आला असेल. कोल्हापूरच्या बाजारपेठेत कुणी तरी तो हौसेनं घेतला असेल. किंवा कुणी तरी गहाण टाकला असेल आणि सोडवायचा राहिला असेल! माझ्या मनात आपले बँकेचेच विचार येतात, माफ करा.

ही मूर्ती घडते कशी, तेही मुलांसाठी सांगतो. आधी मेणाची मूर्ती करायची. तिच्यावर बारीक मातीचे लेपावर लेप द्यायचे, खाली भोक ठेवायचं. वाळलं की भाजायचं. मेण वितळून वाहून जातं आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी राहते. तिच्यात ब्राँझचा रस ओतायचा. गार झालं की माती फोडायची. साचा फुटला, म्हणजे ती मूर्ती एकुलती एक. ग्रीकांनी हेच केलं, आपल्या कारागिरांनी हेच केलं, आणि युरोपात पुढे शेकडो वर्षं हेच चालू राहिलं. फ्रान्समध्ये बूर्देल या शिल्पकारानं १९०९ च्या सुमारास धनुष्य ताणलेला हेराक्लीस ब्राँझमध्ये घडवला, तोही ग्रीक पुराणातलाच वीर. आपल्या शिवाजी चौकातला महाराजांचा पुतळा बाबूराव पेंटरांनी घडवला. आणि आपलं कोल्हापूर तर फौंड्रीचं गाव. उद्यमनगर, शिरोली इथल्या किती तरी फौंड्र्यांना मी कर्ज दिलंय, स्टॉक तपासायला गेलोय. रस ओतताना भट्टीजवळ सगळे एकदम गप्प होतात, ते मी पाहिलंय. हा देव ओतला गेला, तेव्हाही तिथली माणसं अशीच गप्प झाली असतील.

आता माझी चूक.

आपल्या इमारतीचं काम चालू होतं ते वर्ष आठवा. मी खजिनदार होतो. व्याजदर तेव्हा दोन आकडी. सगळ्यांचे हप्ते चालू, शिवाय प्रत्येक जण भाड्याच्या घरात. मागच्या बाजूला जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचा खड्डा खणत होते. एका शनिवारी दुपारी बँकेतून थेट इकडे आलो, तर खणणाऱ्यांतले एक वयस्कर मामा मला म्हणाले, "सायेब, हिकडं या जरा. ही वीट बघा की. ही आत्ताची न्हाई. लई जुनी हाय." मी वाकून बघितलं. लांबरुंद वीट होती. एक नव्हे, ओळीनं चार-पाच, एकमेकींना लागून. भिंतीचा तळ असावा तसा. आजूबाजूला तांबडी, काळी खापरं. एका खापरावर नखानं काढावी तशी नक्षी. मामांनी ते धोतराला पुसून माझ्या हातात दिलं.

मी काय केलं सांगू? आधी इकडे-तिकडे बघितलं, कुणी पाहत तर नाही ना म्हणून. डोक्यात एकच हिशोब. कुणाला कळलं तर काम थांबेल. एक महिना थांबलं तर इतकं व्याज, दोन महिने थांबलं तर इतकं. मी मामांना म्हटलं, "असू दे. संध्याकाळच्या आत खणून मोकळं करा. सोमवारी काँक्रीट पडलं पाहिजे." ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "बरं सायेब." विटा फोडल्या, खापरांसकट डंपरमध्ये भरल्या. डंपर कुठे रिकामा झाला, मी विचारलं नाही. हातातलं खापरही मी त्यातच टाकलं.

ते सातवाहनांचं घर होतं असं मी म्हणणार नाही. कदाचित शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचा जुना हौद असेल. पण ते काय होतं हे आता कुणालाच कधीही कळणार नाही, आणि ते माझ्यामुळे. निरक्षर मामांना जे दिसलं, ते मला पदवीधराला दिसूनही मी बघितलं नाही. म्युझियममध्ये नातीनं "हा इथे कसा आला?" विचारलं, तेव्हा मला त्या विटा आठवल्या. कुंदनगार सरांनी माझ्यासारखाच सोमवारचा विचार केला असता, तर तो देव त्या कपाटात नसता आणि माझ्या नातीला तो प्रश्न पडला नसता.

आज हे का सांगतोय? कारण दिवाळीनंतर आपण लिफ्टचा खड्डा खणणार आहोत. लिफ्ट हवीच. माझे स्वतःचे गुडघे गेलेत, तिसऱ्या मजल्यावर राहतो, माझ्याइतकी लिफ्टची गरज कुणाला नाही. २०१९ च्या पुरात पार्किंगमध्ये पाणी आलं, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या आजींना खुर्चीत बसवून आपण जिन्यानं खाली आणलं होतं. तो प्रसंग मी विसरलेलो नाही. पण नकाशा बघा. लिफ्टचा खड्डा त्या टाकीला अगदी लागून आहे. त्या भिंतीचा उरलेला भाग, असलाच तर, तिथेच असणार.

तेव्हा माझी समितीला हात जोडून विनंती आहे, आणि ती इतिवृत्तात नोंदवावी. एक, खणताना मशीन सावकाश चालवायचं आणि शेवटचा भाग माणसांनी खणायचा. दोन, जुनी वीट, खापर, नाणं, धातू काहीही दिसलं तर तिथेच थांबायचं, हलवण्याआधी फोटो काढायचे आणि पुरातत्त्व खात्याला कळवायचं. टाऊन हॉल काय लांब नाही. तीन, कायदा माहीत असू द्या. १८७८ चा जुना निखात निधी कायदा आहे. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्यानं कलेक्टरांना लेखी कळवायचं असतं. लपवणं हा गुन्हा आहे. आणि धन्याचा पत्ता नसेल तर त्याच कायद्यात सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जागामालकाला एक हिस्सा अशी वाटणी सांगितली आहे. म्हणजे खणणाऱ्या कामगाराला आपल्यापेक्षा जास्त! मला ते योग्य वाटतं. मागच्या वेळीही त्यानंच आधी बघितलं होतं.

कामाला उशीर होईल अशी काहींना भीती वाटेल. मलाही तेव्हा वाटली होती. झालाच तर होईल थोडा. तोपर्यंत मी जिना चढेन. आणि उशिरापोटी कंत्राटदाराला काही जादा द्यावं लागलं, तर त्यातली पहिली पाच हजारांची पावती माझ्या नावानं फाडा. व्याज समजा. पंचवीस वर्षांचं थकलंय.

मी ठरवलंय, खड्डा खणतील ते चार दिवस मी खाली खुर्ची टाकून बसणार. सकाळी नऊपासून. बालदोस्तांनो, दिवाळीची सुट्टी असेल, तुम्हीही या. फक्त काठापासून चार हात लांब बसायचं. काही निघालं नाही तरी मी तुम्हाला ओडिसियस नावाच्या राजाची गोष्ट सांगेन. पोसायडननं डूख धरला म्हणून त्या बिचाऱ्याला युद्धावरून घरी पोचायला दहा वर्षं लागली.

आणि त्याआधी एका रविवारी आपण सगळे मिळून टाऊन हॉलला जाऊ. सोमवारी बंद असतं की कसं, ते सेक्रेटरीसाहेब विचारून नोटीस बोर्डावर लावतील. नात आता इंजिनिअरिंगला आहे, पण तिनंही यायचं कबूल केलंय.

भाषण लांबलं, क्षमा असावी. जेवण गरम आहे तोवर उठू या.